दादांच्या रानापलीकडचा ऊस

मी कोल्हापूरला गूळ आणायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण परत आल्यापासून आमच्या वाडीत 'ही घाटावर जाऊन भांडण करून आली' असं पसरलं आहे. भांडण माझं नव्हतं. पण ते झालं तेव्हा मी तिथे होते आणि हाताची घडी घालून बघत उभी राहिले नाही, एवढं मात्र खरं.

माझा धंदा खाज्याचा. बेसनाच्या कांड्या तळायच्या आणि आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, मालवणच्या जत्रेत ज्याच्याशिवाय कोणी घरी जात नाही ते खाजं. सगळी करामत पाकाची, आणि पाक गुळावर अवलंबून. गेली दोन वर्षं व्यापाऱ्याने मला गुळाच्या नावाखाली जे काही विकलं त्यात ऊस किती आणि साखर किती हे देवालाच ठाऊक. पाक धरेना, खाजं मऊ पडायला लागलं, गिऱ्हाइकं तोंडावर बोलायला लागली. तेव्हा ठरवलं की गूळ जिथे शिजतो तिथे जाऊन, चाखून, डोळ्यांदेखत भरून आणायचा.

संगीताची ओळख बचत गटांच्या प्रदर्शनातली. तिची काकवी आणि माझं खाजं शेजारशेजारच्या टेबलांवर होतं. ती मोठ्याने बोलायची, मी त्याहून मोठ्याने, त्यामुळे आमच्या दोघींच्या मधलं लोणच्याचं टेबल बिचारं दुसऱ्या दिवशी जागा बदलून गेलं. फोन केला तर म्हणाली, "या की! फोनवर गूळ कळतोय व्हय? जीभ घेऊन या."

जानेवारीचा महिना होता. मी जीभ आणि दोन रिकामे डबे घेऊन निघाले.

घाट चढून

फोंड्याचा घाट चढला की हवा बदलते, हे सगळेच सांगतात. मला पहिल्यांदा दिसलं ते दुसरंच. आमच्याकडे हातभर जमिनीला कमरेएवढा गडगा असतो. चिऱ्याचा, जांभ्याचा, नाहीच जमलं तर काट्यांचा. आणि गडग्याच्या पलीकडे नारळ पडला तर तो कोणाचा यावर दोन पिढ्या बोलणं बंद. राधानगरी ओलांडून खाली उतरले तर उसाचं रान लांबच लांब पसरलेलं, आणि कुंपण कुठेच नाही. नुसता एक बांध, कोपऱ्यात एखादा दगड. मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं ही! घरी फोन करून तसं सांगितलंसुद्धा. ते कौतुक दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकलं.

कोल्हापुरात उतरून मिसळ खाल्ली. पाव मागितला तर वाढप्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि ब्रेडच्या स्लाइस आणून ठेवल्या. "पावणं, इथं हेच मिळतंय," म्हणाला. कट इतका लाल होता की मला आमची तिरफळं घातलेली माशाची आमटी सात्त्विक वाटायला लागली. डोळ्यांतलं पाणी पुसत खाल्ली, आणखी कट मागितला, तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

संगीताचं गाव शिरोळकडे, नदीकाठी. नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या बाजूला कोणीही वाचलं तर आपल्याच गावाबद्दल लिहिलंय असं म्हणेल, आणि ते फारसं चूक नसेल.

तिचं घर सखल भागात आहे. आत गेल्यावर भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ दिसली. वरून रंग दिला होता तरी दिसत होती. संगीताचा नवरा तानाजी, इचलकरंजीला मागावर कामाला जाणारा, अबोल माणूस, म्हणाला, "पुराचं पानी. हितवर आलतं." एवढंच बोलून तो म्हशीला वैरण टाकायला गेला. रात्री जेवायला भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा, वरून दूध. समुद्र जवळ असणाऱ्या माणसाला पाण्याची भीती ठाऊक असते, पण घरात शिरून डोक्यावर जाणारं पाणी आणि तिथेच पुन्हा चूल मांडणारी बाई हे मी पहिल्यांदा पाहिलं.

एक सांगून ठेवते. तिथल्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पहिल्या तासाभरात मी दोनदा मागे वळून कोण पुरुष बोलतोय ते पाहिलं. नंतर मलाच ते आवडायला लागलं.

तुरा

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता मला ऊस दाखवायला घेऊन गेली. तिचं वीस गुंठे रान अगदी नदीला लागून आहे. ऊस उंच वाढलेला आणि शेंड्याला पांढरे, रेशमी तुरे वाऱ्यावर हलत होते. मी म्हटलं, "किती सुंदर दिसतंय गं!"

ती थांबली. "ताई, तुरा आला म्हंजे ऊस म्हातारा व्हायला लागला. आता ह्यो आतनं पोकळ होत जानार. वजन उतरनार. सुंदर म्हनू नगासा."

मग तोडत का नाही, हे विचारायच्या आतच आम्ही परतीच्या वाटेवर त्या चरापाशी आलो. येताना आम्ही बांधावरून चालत आलो होतो म्हणून मला तो दिसला नव्हता. रस्त्यापासून संगीताच्या रानापर्यंत एक गाडीवाट होती, तिच्या आजेसासऱ्याच्या वेळेपासूनची. दोन्ही बाजूंना दुसऱ्याचं रान, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. त्या वाटेवर मधोमध जेसीबीने चर खणला होता. माती दोन्ही बाजूंना टाकलेली. माणूस उडी मारून जाईल, पण उसाची ट्रॉली जाणार नाही.

"पाईपलाईन टाकायची हाय म्हनं," संगीता म्हणाली. "पाईप अजून कुनी बघितला न्हाय."

दोन्ही बाजूंचं रान दादांचं. दादा म्हणजे गावातले मोठे जमीनदार, पण हा शब्द तिथे कोणी वापरत नाही. नुसतं दादा. नदीपासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून माळापर्यंत बहुतेक रान त्यांचं. कुंपण का नाही ते मला त्या चराजवळ उभी असताना कळलं. कुंपण घालायचं कोणासाठी? त्या रानात पाय ठेवायची कोणाची हिंमतच नाही.

संगीता बांधावर बसली आणि मला सगळं समजावून सांगितलं. उसाचं पान ओढून ते बोटाला गुंडाळत ती बोलत होती.

"रान मोठं म्हनून ऊस मोठा. ऊस मोठा म्हनून कारखान्यात ते संचालक. संचालक म्हनून कुनाच्या उसाला आधी तोड द्यायची ते त्यांच्या हातात. पानी सोसायटीत मत कुनाला? ज्येचं रान भिजतंय त्येला. कर्जाच्या सोसायटीत मत कुनाला? ज्येचा सातबारा हाय त्येला. आमच्या शेजारची शांताक्का बघितलासा न्हवं? घरात पाच मानसं, रान एक गुंठा न्हाय. तिला मत फकस्त ग्रामपंचायतीला आनि ग्रामसभंला. म्हनून मी ग्रामसभंतच बोललो."

"काय बोललीस?"

"गायरानाचं."

गावाची सामाईक जमीन, गायरान, माळावर उंचावर आहे. पूर कितीही आला तरी तिथे पाणी चढत नाही. दरवेळी पूर आला की सखल भागातली माणसं शाळेच्या वर्गांत जाऊन राहतात, पाणी उतरलं की चिखलात परत येतात. त्या गायरानात घरांसाठी जागा मिळावी अशी त्यांची मागणी जुनीच. आणि त्या गायरानात ऊस आहे. दादांचा. संगीताने ग्रामसभेत उठून विचारलं होतं की गावाच्या जमिनीत दादांचा ऊस कसा. बस, एवढंच विचारलं होतं.

त्यानंतर चर खणला गेला. कारखान्याच्या तोडणीच्या पाळीतून तिचं नाव मागे मागे सरकत गेलं. वाटेसाठी तहसीलदारांकडे अर्ज केला आहे, तारीख पडते, पुढची तारीख पडते, तुरा मात्र तारखेसाठी थांबत नाही.

मी चिडले. आमच्या कोकणातसुद्धा सगळं आलबेल नाही. आमच्या सातबाऱ्यावर एवढी नावं असतात की ती सगळी माणसं एकदम आली तर रानात उभी राहायला जागा पुरणार नाही, आणि त्यातली निम्मी मुंबईत. कोणालाच काही करता येत नाही आणि मग एखादा बाहेरचा येऊन अख्खा डोंगर घेऊन जातो. पण आमच्याकडे एका माणसाने ठरवलं म्हणून दुसऱ्याचं पीक रानातच वाळत ठेवलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. त्याला लागणारी एवढी सलग जमीनच कोणाकडे नाही.

"मग आता?" मी विचारलं.

संगीताने नदीपलीकडे हात दाखवला. पलीकडच्या काठावर धूर वर जात होता. "बाळूअण्णाचं गुऱ्हाळ. त्येचं रान दुसऱ्या हद्दीत. दादांचा हात तितवर पोचत न्हाय. मी ऊस नदीनं नेनार."

"होडी आहे?"

"काहील हाय."

मला वाटलं थट्टा करते आहे. काहील म्हणजे गूळ शिजवायची ती भली मोठी लोखंडी कढई, ज्यात चार माणसं पाय पसरून बसतील. पण थट्टा नव्हती. महापुरात याच काहिलींत बसवून त्या भागातल्या लोकांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढलं होतं. बाळूअण्णाकडे एक जुनी काहील होती, गूळ शिजवायच्या कामाची उरली नव्हती, पण भोक पडलेलं नव्हतं. शेजारच्या बायका उद्यापासून ऊस तोडायला येणार होत्या. पैरा म्हणतात तिथे, आज मी तुझ्याकडे राबते, उद्या तू माझ्याकडे. ज्यांना रान नाही त्यांना वाडं मिळणार, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, म्हशींसाठी.

बंगल्यावरचा चहा

इथे माझ्या हातून घोटाळा झाला.

त्याच दिवशी दुपारी संगीता पलीकडे बाळूअण्णाशी बोलायला गेली होती, तानाजी कामावर. मी ओसरीवर बसून तिचा गेल्या हंगामातला गूळ चाखत होते. एक माणूस मोटारसायकलवरून आला. "मालवनच्या पावण्या तुमीच न्हवं? दादांनी चहाला बोलावलंय."

आता सांगा, आमच्याकडे कोणी चहाला बोलावलं आणि नाही म्हटलं तर त्याला अपमान म्हणतात. शिवाय माझ्या मनात होतं की या माणसाला एकदा बघावं तरी. आणि गोड बोलून काही झालं तर वाईट काय, असंही वाटलं. गेले.

दादा अगदी सभ्य निघाले. पांढरे कपडे, हळू आवाज. मालवणच्या बांगड्याची चौकशी केली, किल्ल्याची केली, रस्त्यांची केली. बशीत बिस्किटं होती. चहा पांढराफटक आणि आलं नावाला. निघताना म्हणाले, "संगीता आमच्या घरच्यासारखी हाय. तिला म्हनावं, एकदा येऊन चहा घेऊन जा. मग काय अडचन न्हाय." मी म्हटलं, सांगते. फाटकाजवळ त्या मोटारसायकलवाल्याने मोबाइलवर फोटो काढला. मी हसून उभी राहिले. पदरसुद्धा नीट केला.

घरी आले तर संगीता दारातच उभी.

"चहा घेतलासा?"

"घेतला. आलं फार कमी होतं."

तिने हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला. गावच्या ग्रुपवर माझा फोटो, दादांच्या फाटकात, दात काढून हसणारी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'मिटलं'. त्याखाली हात जोडलेल्या खुणांची रांग.

मग तिने सांगितलं. त्या गावात दादांशी ज्याचं वाकडं आलं तो एक दिवस बंगल्यावर जाऊन चहा पितो. कोणी माफी मागत नाही, कोणी काही लिहून देत नाही, कोणी ओरडत नाही. नुसता चहा. संध्याकाळपर्यंत गावाला कळतं की हा वाकला. मग वाट उघडते, तोड मिळते, पाणी येतं, आणि तो माणूस पुन्हा ग्रामसभेत हात वर करत नाही. तानाजीचा चुलत भाऊ पाण्याच्या पाळीवरून भांडला होता, वर्षभर तोऱ्यात फिरला, शेवटी चहा पिऊन आला. आता दादांच्या गाडीमागून फिरतो.

"पण मी पाहुणी," मी म्हटलं. "मी काय कबूल केलं?"

"माझ्या घरचा पावना म्हंजे मीच की ताई."

सूर्य मावळायच्या आत शांताक्का येऊन गेली. वाळकी, उंच बाई, कानडी वळणाचं बोलणं. ती आत आलीच नाही. दारातूनच म्हणाली, "संगे, उद्या आमी येनार न्हाय. तुझं मिटलं न्हवं? मग आमी कशाला वैर घ्यावं? आमाला त्याच्याच रानात मजुरीनं भांगलायला जायचं असतंय." आणि निघून गेली.

तानाजी कोपऱ्यात बसून होता. तो म्हणाला, "मिटलं म्हनत्यात तर मिटू दे की. ऊस तरी जाईल." संगीताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून गोठ्यात गेला.

मला लाज वाटली, खरं आहे. पण लाजेपेक्षा राग मोठा होता. पाहुण्याला पाजलेल्या चहाचासुद्धा असा उपयोग करणारा माणूस, आणि मी त्याच्याकडे दुसरं बिस्किट मागून घेतलं होतं.

दूध संस्थेच्या पायरीवर

सकाळी सगळं गाव एकाच ठिकाणी सापडतं, दूध संस्थेत. किटल्या, कॅन, गळ्याला गुंडाळलेले टॉवेल, थंडीने कुडकुडणारे हात. संस्था अर्थातच दादांच्या माणसांच्या ताब्यात. संगीता दूध घालायला निघाली तेव्हा मीही बरोबर गेले. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं. लोकांनी संगीताला वाट करून दिली आणि कोणीतरी म्हणालं, "काय संगीतावैनी, बरं झालं बघा, गोडीत मिटलं." ते ऐकलं आणि मी पायरीवर चढले.

"ऐका जरा!" मी म्हटलं. माझा आवाज जत्रेत खाजं विकून तयार झालेला आहे. म्हशीसुद्धा वळल्या असत्या. "काल दादांकडे चहा मी प्याले. मला तहान लागली होती. मला तुमच्या गावचा रिवाज ठाऊक नव्हता. संगीताला विचारलं नव्हतं. त्या चहात आलं नव्हतं, साखर जास्त होती, आणि तडजोड तर अजिबात नव्हती."

दोघे तिघे हसले. मापाजवळ बसलेला माणूस म्हणाला, "पावणं, तुमी घरात जावा. हे गावातलं हाय."

"गावातलं आहे तर माझा फोटो कशाला टाकलात गावात?"

तो पुन्हा मापाकडे वळला. आणि तेवढ्यात संगीता बोलली. ती पायरीवर चढली नाही, होती तिथूनच बोलली, हातातली किटली खाली न ठेवता.

"मी चहा प्यालो न्हाय आनि पिनार न्हाय. ऊस वाळला तर वाळू दे, तो माझा ऊस हाय. पर पुढच्या पुराला ही शांताक्का पुन्यांदा शाळंच्या फरशीवर झोपनार, आनि वर गायरानात दादांचा ऊस कोरड्यात डुलनार. हे मी सांगनार. एकटी ऱ्हायलो तरी सांगनार. आज ऊस तोडायला सुरू करतो. यायचं त्यानं यावं."

माप चालूच होतं. मी शांताक्काकडे पाहत होते. तिची एकच म्हैस, तिच्या किटलीत दूध तळाशी. तिचा सगळा हिशेब तिच्या तोंडावर दिसत होता. उद्या दादांच्या रानातली मजुरी बंद झाली तर काय, आणि पूर आला तर काय.

मग ती म्हणाली, "वाडं कुनाला?"

"ज्यानं तोडलं त्येला," संगीता म्हणाली.

"मग चला की. ऊन व्हायच्या आत."

पाण्यावर

सगळ्याजणी आल्या नाहीत. पण पुरेशा आल्या. कोयते खालून खपाखप चालायला लागले, पाला उडायला लागला, मोळ्या बांधल्या जाऊ लागल्या. माझ्या हातात कोयता द्यायला कोणी तयार होईना. उसाच्या पाल्याने कोपरापासून मनगटापर्यंत अंग कापलं गेलं ते मोळ्या ओढण्यातच. तानाजी सुट्टी टाकून आला होता. कोणी त्याला बोलावलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही.

काहील बाळूअण्णाने पलीकडून पाण्यात सोडून आणली. जाडजूड, टोपी घातलेला, सतत तंबाखू मळणारा हा माणूस काहिलीत उभा राहून बांबूने ढकलत आला तेव्हा मला हसू आवरेना. पण पहिल्या खेपेला हसू गेलं. मोळ्या एका बाजूला रचल्या, काहील गरगर फिरायला लागली, कलली, आणि दोन मोळ्या पाण्यात गेल्या. अण्णा बसकण मारून कडेला घट्ट धरून शिव्या देत होता, काठावर बायका ओरडत होत्या.

मी खाडीकाठची. होडी कशी धरायची असते ते लहानपणापासून पाहिलेलं. मी म्हटलं, दोर आणा, दोन आणा. एक दोर या काठाच्या बाभळीपासून पलीकडच्या करंजापर्यंत ताणून बांधला, तो हाताने धरून पुढे सरकायचं. दुसरा काहिलीच्या कडीला बांधून काठावरून धरायचा, म्हणजे ती फिरणार नाही. मोळ्या गोल रचायच्या, बुडखे मध्ये. तानाजीने ते ऐकून घेतलं आणि मग त्यानेच सगळं हातात घेतलं. अबोल माणसाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "वडा! हळू! वडा!"

खाली बंधाऱ्याने पाणी अडवलेलं, त्यामुळे नदी संथ होती. नाहीतर हे जमलं नसतं, हे मी कबूल करते. खेपेमागून खेप जात राहिली. दादांच्या रानातून एक ट्रॅक्टर येऊन बांधावर थांबला, त्यावरचा ड्रायव्हर बराच वेळ बघत बसला, फोनवर बोलला, निघून गेला. शांताक्का त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघून घे बाबा. सांग जाऊन, कढईत बसून चाललोय म्हनून."

संध्याकाळी मी काहिलीतूनच पलीकडे गेले. गुऱ्हाळात घाणा चालू होता, चुलाणात चिपाड धडधडत होतं, उकळत्या रसावरची मळी झाऱ्याने काढत होते. भेंडीचा चीक घालून रस निवळतो हे मी ऐकलं होतं, पाहिलं तेव्हा पटलं. आलं-लिंबू पिळलेला रस प्याले, गरम पाक शेंगदाण्यांवर ओतून खाल्ला, जीभ पोळून घेतली. संगीताच्या उसाचा पहिला गूळ दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतला. सोनेरी नव्हता, काळपट होता, कसलीच पावडर न घातलेला असतो तसा. बोटाने मोडला, चाखला. असा गूळ मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. दोन्ही डबे तिथेच भरून घेतले.

वाटेनं

त्याच दिवशी दुपारी, ऊस साधारण निम्मा पलीकडे गेलेला असताना, जेसीबीचा आवाज आला. सगळ्यांचे कोयते थांबले. पाहतो तर चर बुजवत होते. माती ढकलून, वर चाक फिरवून, वाट सपाट. मग तोच मोटारसायकलवाला आला.

"दादांनी वाट मोकळी केली बघा," तो म्हणाला. "मालवनच्या पावण्या बाई घरी येऊन चहा घेऊन गेल्या, त्यांच्या मानाखातर. ट्रॅक्टर बी पाठवतो म्हनालेत. घेऊन जावा ऊस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड मिटून घेतलं, कारण निर्णय माझा नव्हता. सगळ्यांचे हात सोलले होते. तानाजीचे तळवे दोराने रक्ताळले होते. तो संगीताकडे पाहून म्हणाला, "घेऊया की गं आता. वाट आपलीच हाय. बायका दमल्यात."

चूक बोलत नव्हता तो. संगीता वाटेकडे पाहत राहिली. मग उरलेल्या उसाकडे. मग बायकांकडे.

"वाट आपली हाय," ती म्हणाली. "तर मग मानाखातर कशाला घ्यायची? आज ह्या वाटेनं ट्रॅक्टर गेला तर उद्या गाव म्हननार, चहा प्याली म्हनून गेला. ऊस नदीनंच जाईल. आनि मानसं वाटेनं जातील. आज आनि रोज."

मोटारसायकलवाला गाडी वळवून निघून गेला. शांताक्काने कोयता उचलला होता आधीच.

उरलेला ऊस संपायला उन्हं कलली. शेवटची खेप पलीकडे लागली तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांना फक्त बसायचं होतं. पण संगीता बसू देईना. डोक्यावर वाड्याचे भारे घेऊन आम्ही सगळ्याजणी बांधावरून नाही, त्या वाटेवरून निघालो. माझ्या डोक्यावरसुद्धा भारा होता, छोटा, आणि तोही दोनदा घसरला.

वाट संपते तिथे, रस्त्याच्या कडेला दादांची गाडी उभी होती आणि दादा बाहेर, पांढऱ्या कपड्यांत. ते दिसले की बायका पदर डोक्यावर ओढून बाजूला सरतात, बांधावर उतरून त्यांना जाऊ देतात. हे मी आधीच्या दोन दिवसांत पाहिलं होतं. आज डोक्यावर भारे होते, आणि कोणी उतरलं नाही. वाट अरुंद. दादांनाच एक पाऊल मागे, गवतात घ्यावं लागलं.

संगीता त्यांच्यासमोर थांबली. सगळी रांग थांबली.

"दादा, चर बुजवलासा, बरं केलासा. पुन्यांदा खनू नगासा." तिचा आवाज दमलेला होता, पण स्वच्छ होता. "सव्वीस तारखंला ग्रामसभा हाय. गायरानाचा इषय पयला घ्या."

दादा हसले. तसेच सभ्य, हळू आवाजात. "बघू."

मागून, भाऱ्याखालून, शांताक्काचा आवाज आला.

"बघू न्हाय. घ्या."